लिफ्ट बसवली म्हणून डिफरन्शियल वर जात नाही

‘दोन इंचांची लिफ्ट म्हणजे दोन इंच जास्त ग्राउंड क्लिअरन्स’ हे वाक्य ऑफरोडवाल्यांच्या गप्पांत वर्षानुवर्षे फिरतंय. लिफ्ट म्हणजे उंच स्प्रिंगा घालून गाडी उचलणं, आणि ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे जमीन ते गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतलं अंतर. मारुतीच्या जिम्नीपुरतं तरी ते चूक आहे.

जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा एकच कडक आस. कंपनी सांगते तो क्लिअरन्स २१० मिमी. खडकाला आधी टेकतो तो डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा गोळा, आणि तो ॲक्सलवरच असतो. लिफ्टच्या उंच स्प्रिंगा ॲक्सलच्या वर बसतात. त्या बॉडी उचलतात. गोळा होता तिथेच राहतो. तो वर न्यायचा तर टायर मोठा हवा, आणि तिथेही व्यासातली वाढ निम्मीच मिळते. मूळ १९५/८० आर १५ च्या जागी २१५/७५ आर १५ घातला, तर व्यास साधारण १० मिमी वाढतो, गोळा फक्त ५ मिमी वर येतो!

मग लिफ्ट कशाला? बांधावरून उतरताना पोट घासू नये, चढाला बंपर टेकू नये, यासाठी. तेवढ्याला ४० मिमी पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यापुढे कॅस्टर कोन (पुढची चाकं ज्या अक्षाभोवती वळतात त्याचा मागचा कल) कमी होऊन हायवेवर स्टिअरिंग सैल वाटू लागतं, ॲक्सलला बॉडीशी आडवा जोडणाऱ्या पॅनहार्ड रॉडमुळे ॲक्सल एका बाजूला सरकतो, ब्रेकचे होज ताणले जातात. गुरुत्वमध्य वर गेल्याने आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोकाही वाढतो. कुटुंब बसवून घाट उतरणाऱ्याने हे आधी पाहावं.

आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर मर्यादा घालतं. स्प्रिंगा विकत घेण्याआधी आरटीओत विचारा.