१०९९-क्यू फॉर्म आला म्हणजे कर लागला असे नव्हे
अमेरिकेतील ५२९ शिक्षण-बचत योजनेतून मुलांच्या राहण्या-जेवणासाठी काढलेले पैसे उत्पन्नात धरले जातात आणि वसतिगृहाबाहेरचे घरभाडे तर चालतच नाही, हा समज वर्षानुवर्षे फिरत असला तरी चुकीचा आहे. विद्यार्थी किमान निम्म्या अभ्यासभाराने शिकत असेल, तर बाहेरच्या खोलीचे भाडे आणि किराणाही पात्र खर्चात, म्हणजे ज्यासाठी पैसे करमुक्त काढता येतात अशा खर्चात, बसतो. मात्र महाविद्यालयाने आपल्या खर्च-अंदाजपत्रकात निवास-भोजनासाठी धरलेल्या रकमेपर्यंतच. हा आकडा आधी विचारून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. समजा, तो १२,००० डॉलर आहे आणि अन्य पात्र खर्च शिल्लक नसताना १४,००० काढले, तर वरच्या २,००० मधील नफ्याच्या हिश्श्यावर प्राप्तिकर आणि सहसा १० टक्के जादा कर लागतो, मुद्दलावर नाही. प्रवासखर्च यात येत नाही.

योजनेतून पैसे काढल्यावर येणारा १०९९-क्यू फॉर्म केवळ काढलेली रक्कम आणि तिच्यातील नफा व मुद्दल कळवतो. करमुक्त शिष्यवृत्ती वजा करूनही त्याच वर्षाचा पात्र खर्च तेवढा भरत असेल, तर विवरणपत्रात काहीच दाखवावे लागत नाही. भाडेकरार आणि पावत्या मात्र जपून ठेवाव्यात.