६४ किलोबाइटची फाइल, १२८ ब्लॉक: स्टॅटच्या एका आकड्याची पार्श्वभूमी

लिनक्सच्या फाइलसिस्टीम चाचणी-संचात 'जेनेरिक' नावाचा गट आहे. कोणत्याही एका फाइलसिस्टीमशी (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीशी) न बांधलेल्या चाचण्या त्यात असतात. त्यातली ४२२ क्रमांकाची चाचणी दिसायला किरकोळ आहे. फाइलवर लिहायचे, तिने किती जागा घेतली ते स्टॅटला (फाइलची माहिती देणाऱ्या सिस्टीम कॉलला) विचारायचे, मग सिंक करून, म्हणजे मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवून, पुन्हा विचारायचे आणि दोन उत्तरे जुळतात का ते पाहायचे. ही चाचणी २०१७ पर्यंत लिहिली गेली नव्हती. फाइलची लांबी चुकली तर कोणाच्याही लगेच लक्षात येते. व्यापलेली जागा चुकली तर 'डीयूचे काय, थोडे इकडेतिकडे व्हायचेच' असे म्हणून सोडून दिले जाते (डीयू ही व्यापलेली जागा मोजणारी आज्ञा). त्या सोडून देण्याची किंमत पुढे बॅकअपमध्ये मोजावी लागली.

सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये (१९७९) हा आकडा नव्हताच. स्टॅट फक्त लांबी सांगत असे आणि डीयूला लांबीवरूनच ब्लॉक (जागा मोजण्याचे ठरावीक एकक) काढावे लागत. त्यामुळे मध्ये न लिहिलेली भोके असलेली फाइलही पूर्ण भरलेली धरली जाई. व्यापलेले ब्लॉक सांगणारे एसटी-ब्लॉक्स हे क्षेत्र ४.२ बीएसडी या युनिक्समध्ये (१९८३) आले. तिथल्या नव्या फाइलसिस्टीमचे ब्लॉक ४०९६ किंवा ८१९२ बाइटचे होते आणि फाइलचे शेवटचे टोक ब्लॉकच्या तुकड्यात बसवता येई. नुसत्या लांबीवरून हिशेब लागेना, म्हणून मोजलेली संख्याच इनोडमध्ये (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) ठेवली गेली.

मोजण्याचे एकक मात्र ५१२ बाइटच राहिले आणि 'ब्लॉक' या शब्दाचा गुंता तिथून सुरू झाला. फाइलसिस्टीमचा ब्लॉक आज बहुधा ४०९६ बाइटचा असतो. एसटी-ब्लॉक्समधला ब्लॉक लिनक्सवर कायम ५१२ बाइटचा असतो. जीएनयू डीयू आपणहून १०२४ बाइटच्या हिशेबात छापतो, पोसिक्सप्रमाणे (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाप्रमाणे) चालायला सांगितले तर ५१२च्या. चौथा 'ब्लॉक' म्हणजे स्टॅटमधले एसटी-ब्लॉकसाइझ हे क्षेत्र. त्याचा एसटी-ब्लॉक्सशी काहीही संबंध नाही. एका वेळी किती बाइट वाचणे-लिहिणे सोयीचे, एवढेच ते सांगते. तरीही या दोघांचा गुणाकार करणारे प्रोग्रॅम आजही सापडतात. ६४ किलोबाइटच्या फाइलला १२८ गुणिले ४०९६ म्हणजे ५१२ किलोबाइट, सरळ आठपट. पोसिक्सने हे एकक मुद्दाम ठरवलेले नाही. एचपी-यूएक्स हे युनिक्स १०२४च्या एककात मोजत असे, त्यामुळे एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली वापरण्याच्या पद्धतीने) जोडलेल्या दुसऱ्या यंत्रावर तीच फाइल दुप्पट किंवा निम्मी दिसू शके. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत व्यापलेली जागा थेट बाइटमध्ये पाठवली जाते, हे त्यावरचे सरळ उत्तर.

या एककाची एक मर्यादाही होती. ५१२च्या एककातली ३२ बिटांची संख्या २ टेबीबाइटला संपते, म्हणून लिनक्सच्या एक्स्ट-२ आणि एक्स्ट-३ या फाइलसिस्टीममधली फाइल त्यापुढे वाढत नसे. एक्स्ट-४ ने हे क्षेत्र ४८ बिटांचे केले. शिवाय फारच मोठ्या फाइलच्या इनोडवर खूण करून तेवढ्यापुरती मोजणी फाइलसिस्टीमच्या ब्लॉकमध्ये घेण्याची सोय ठेवली. बाहेर स्टॅटला उत्तर देताना ते पुन्हा ५१२मध्ये बदलावे लागते.

खरा वाद उभा राहिला तो डिलेड अलोकेशनमुळे. एक्सएफएस या फाइलसिस्टीममध्ये ही पद्धत १९९४ पासूनची. एक्स्ट-४ मुळे ती २००८ च्या अखेरीस सर्वसाधारण लिनक्स यंत्रांवर पोचली, पाठोपाठ बीटीआरएफएस ही फाइलसिस्टीमही आली. लिहिलेला डेटा आधी मेमरीत राहतो आणि डिस्कवरची नेमकी जागा लिहायच्या वेळी ठरते. त्यामुळे सलग जागा मिळते आणि तुकडे कमी पडतात. पण त्या मधल्या काळात फाइलने किती जागा व्यापली म्हणायची? डिस्कवर अजून काही नाही. मोकळ्या जागेच्या हिशेबातून मात्र तेवढी रक्कम राखून ठेवलेली असते.

एका बाजूचे म्हणणे असे, की डिस्कवर आहे तेवढेच सांगावे. यंत्र मध्येच बंद पडले तर राखलेले सगळे जाणारच. झेडएफएस ही फाइलसिस्टीम या बाजूला आहे. तिथे कॉम्प्रेशन झाल्यावरचा आकार आधी कळू शकत नाही, म्हणून आत्ताच लिहिलेली फाइल डीयूला जवळपास रिकामी दिसते आणि ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे जमवलेल्या बदलांचा, गट डिस्कवर उतरल्यावर (ठरावीक मुदत ५ सेकंद) आकडा वर येतो. एक्सएफएस, एक्स्ट-४ आणि बीटीआरएफएस दुसऱ्या बाजूला आहेत. डिस्कवरच्या इनोडमधली नोंद खऱ्या वाटपाबरोबरच बदलते, पण स्टॅटला उत्तर देताना राखलेले ब्लॉक त्यात मिळवले जातात.

दुसरी बाजू बरोबर आहे, आणि त्याचे कारण टार, म्हणजे बॅकअपसाठी फाइली एकत्र बांधणारा प्रोग्रॅम. फाइलमध्ये भोके आहेत का हे ओळखायची जुनी युक्ती अशी, की एसटी-ब्लॉक्स गुणिले ५१२ हे लांबीपेक्षा कमी भरले तर भोके आहेत. भोके जपण्याचा पर्याय दिलेला असताना टारच्या काही आवृत्त्या आणखी पुढे जात. ब्लॉक शून्य असले की सगळी फाइलच भोक धरायची आणि ती न वाचता शून्यांची म्हणून नोंदवायची. म्हणजे स्टॅटने एका क्षणी शून्य सांगितले आणि नेमके त्याच क्षणी टारने विचारले, तर बॅकअपमध्ये लांबी बरोबर आणि मजकूर गायब. कुठलीही चूक छापली जात नाही. टारने असा तर्क करायलाच नको होता हे खरे, पोसिक्समध्येही त्याला आधार नाही. पण जुने टार वर्षानुवर्षे सर्व्हरवर राहतात आणि नवा कर्नल त्यांच्याखाली येतो. एक्स्ट-४ ने हे ओळखले. लहान फाइल इनोडच्याच पोटात ठेवायची सोय आल्यावर तशा फाइलला डेटाचा एकही ब्लॉक लागत नाही, तरी स्टॅट तिला निदान एक सेक्टर लावते. टार, आरसिंक यांना ती पूर्ण भोक वाटू नये, एवढ्याचसाठी.

राखलेले मिळवायचे ठरले, तरी काय मिळवायचे हा प्रश्न उरतो, आणि बीटीआरएफएस तिथेच चुकले. ते डिस्कवरच्या बाइटमध्ये सगळे प्रलंबित बाइट मिळवत असे. प्रलंबित लेखन भोकात असेल तर हे बरोबर. आधीच जागा असलेल्या भागावर असेल तर तीच जागा दोनदा मोजली जाते. ६४ किलोबाइट लिहून एफसिंक (त्या एका फाइलचे सिंक) केला की स्टॅट सांगे १२८. त्याच ६४ किलोबाइटवर पुन्हा लिहून लगेच विचारले की २५६. सिंक केले की परत १२८. आधी फॉलोकेटने जागा राखून त्यात लिहिले तरी हेच. कॉम्प्रेशन चालू असो वा बंद, माउंटच्या (फाइलसिस्टीम जोडण्याच्या) कोणत्याही पर्यायाने फरक पडत नसे. २०१७ च्या दुरुस्तीत फक्त नव्याने जागा लागणाऱ्या प्रलंबित बाइटचा वेगळा काउंटर ठेवला गेला आणि ४२२ क्रमांकाची चाचणी त्याच सुमारास आली.

तेवढ्याने भागले नाही. बीटीआरएफएस सहसा जुन्या डेटावर लिहीत नाही. नव्या जागी लिहून जुनी जागा सोडते. लेखन पूर्ण होताना आधी जुन्या भागाचे बाइट वजा होत, मग नव्याचे जमा होत. सगळी फाइल एकदम बदलत असेल तर या दोन पायऱ्यांच्या मध्ये स्टॅटला शून्य दिसे. शिवाय प्रलंबित काउंटर आधी कमी होई आणि खरे बाइट नंतर वाढत, तीही एक फट होती. २०२० च्या अखेरीस वजा आणि जमा दोन्ही एकाच लॉकखाली आणले गेले. त्याची चाचणी, जेनेरिक ६१५, वेगळ्या घडणीची आहे. बफर्ड (मेमरीमार्गे) आणि डायरेक्ट (थेट डिस्कवर) अशा दोन्ही तऱ्हांनी फाइल पूर्ण पुन्हा पुन्हा लिहायची आणि बाजूला दुसऱ्या प्रक्रियेतून स्टॅट सतत विचारत राहायचे. एकदाही शून्य आले की नापास. इथे सिंकच्या आधी आणि नंतर विचारून काहीच सापडत नाही, कारण दोन्ही वेळा आकडा बरोबरच असतो.

अशी चाचणी स्वतः लिहिताना बहुतेक चुका अपेक्षित आकडा ठरवताना होतात. '६४ किलोबाइट म्हणजे १२८' असे पक्के लिहून ठेवू नये. ४ किलोबाइट ब्लॉकच्या एक्स्ट-२ वर १२ ब्लॉक थेट इनोडमधून, उरलेले ४ एका इनडायरेक्ट, म्हणजे पुढच्या ब्लॉकचे पत्ते ठेवणाऱ्या, ब्लॉकमधून. तो ब्लॉकही मोजला जातो आणि उत्तर १३६ येते. १२८ बाइटच्या इनोडमध्ये एसईलिनक्स या सुरक्षा-यंत्रणेचे लेबल मावले नाही तर त्याचा वेगळा ब्लॉक, म्हणजे आणखी ८. म्हणून त्याच फाइलची दोन वेळची उत्तरे एकमेकांशी ताडावी आणि लेबल माउंटच्या पर्यायातून सगळ्यांना एकच द्यावे. लेखन ६४ किलोबाइटच्या पटीत ठेवावे, कारण काही यंत्रांवर पेज (मेमरीचे एकक) आणि ब्लॉक ६४ किलोबाइटचे असतात; तिथे ४ किलोबाइटच्या लेखनालाही पूर्ण ६४ लागतात.

लिहिणे आणि विचारणे यांच्यात वेळ घालवू नये. कर्नल ठरावीक मांडणीत दर ५ सेकंदांनी जागा होऊन ३० सेकंदांपेक्षा जुना डेटा डिस्कवर पाठवतो. मध्ये 'स्लीप' टाकला तर प्रलंबित असे काही उरतच नाही आणि चाचणी न तपासताच पास होते. उलट एक्सएफएसवर फाइल बंद करूनच विचारावे. वाढत्या फाइलसाठी ते शेवटापुढेही जागा धरून ठेवते. ती बहुधा फाइल बंद झाल्यावर सुटते. राहिली तर पार्श्वभूमीतली सफाई ती घेते, जिची मुदत ३०० सेकंद आहे. तोवर जास्त दिसणारा आकडा हा दोष नव्हे. डीयूचा माणसांना वाचायला सोपा पर्याय चाचणीत वापरू नये. तो वर गोल करतो आणि मोठ्या फाइलवर ४ किलोबाइटचा फरक गिळतो. स्टॅट आज्ञा ब्लॉकची संख्या आणि त्यांचे एकक वेगवेगळे छापते, ते दोन्ही घ्यावेत.

सिंकनंतर अनमाउंट करून पुन्हा माउंट करावे आणि तिसऱ्यांदा विचारावे. मेमरीतला काउंटर घसरला असेल तर तो इथेच उघडा पडतो. शेवटी दुरुस्तीचे साधन फक्त तपासणीपुरते चालवावे. एक्स्ट फाइलसिस्टीम तपासणारे ई-टू-एफएससीके इनोडमधले ब्लॉक किती आहेत आणि किती हवेत, हे दोन्ही सांगते. बीटीआरएफएसची तपासणी 'एनबाइट्स (इनोडमधली बाइटची संख्या) चुकले' अशी नोंद करते.

कॉम्प्रेशन आणि रीफ्लिंक (डिस्कवरची तीच जागा वापरणारी फाइलची प्रत) यांच्यापुढे मात्र ही सगळी घडण थांबते. बीटीआरएफएस कॉम्प्रेस झालेल्या फाइलचाही मूळ आकारच सांगते, झेडएफएस दाबलेला आकार सांगते. रीफ्लिंकने बनवलेल्या दोन प्रतींची जागा एकच असली तरी स्टॅट ती दोन्हीकडे पूर्ण दाखवते. हार्डलिंक (एकाच फाइलचे दुसरे नाव) डीयू इनोड क्रमांकावरून ओळखून एकदाच मोजतो. रीफ्लिंकच्या प्रतींचे इनोड वेगळे, म्हणून त्यांची बेरीज डिस्कच्या आकारापलीकडेही जाऊ शकते. भागीदारी पाहायची तर फायमॅपमध्ये (फाइल डिस्कवर कुठे आहे ते सांगणाऱ्या नकाशात) सामायिक असल्याची खूण असलेले एक्स्टेंट, म्हणजे सलग भाग, तपासावे लागतात, किंवा बीटीआरएफएसचा स्वतःचा डीयू चालवावा लागतो. तो सामायिक आणि केवळ त्या फाइलची जागा वेगळ्या रकान्यांत दाखवतो.