ऊतीचे तापमापन (हृदयाच्या ॲब्लेशनमधील)

हृदयाचा ताल बिघडवणारी स्नायूची जागा उष्णतेने निकामी करताना तिथल्या ऊतीचे तापमान मोजण्याच्या किंवा इतर खुणांवरून ताडण्याच्या पद्धती. या उपचाराला रेडिओफ्रिक्वेन्सी ॲब्लेशन म्हणतात. बहुधा जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, हृदयात नेतात आणि त्याच्या टोकावरील इलेक्ट्रोडमधून सुमारे ५०० किलोहर्ट्झचा विद्युतप्रवाह सोडतात. इलेक्ट्रोडला टेकलेला एखाद-दोन मिलिमीटरचा थर प्रवाहाला होणाऱ्या रोधामुळे तापतो. त्याखालच्या ऊतीपर्यंत उष्णता वहनाने, सावकाश झिरपते.

सारी कसरत दोन आकड्यांमधली आहे. साधारण ५० अंश सेल्सिअसला पेशी कायमच्या मरतात. त्याहून कमी तापल्या तर काही पेशी तेवढ्यापुरत्या गप्प बसतात. ताल सुधारल्यासारखा वाटतो आणि पुढे बिघाड परततो. १०० अंशांजवळ ऊतीतले पाणी उकळते, कोंडलेली वाफ स्नायू फोडून बाहेर येते आणि कधी ‘फट्’ असा आवाजही ऐकू येतो. याला स्टीम पॉप म्हणतात. अशा वेळी हृदयाची भिंत फाटून हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साचण्याचा धोका असतो.

१९८२ च्या सुमारास कॅथेटरमधून थेट विजेचा झटका देत, तेव्हा मात्रेवर फारसा ताबा नव्हता. रेडिओफ्रिक्वेन्सी आल्यावर टोकात थर्मिस्टर किंवा थर्मोकपल (तापमान मोजणारे छोटे संवेदक) बसवून तापमानानुसार ऊर्जा कमी-जास्त करणे शक्य झाले. मात्र पडद्यावर दिसणाऱ्या या आकड्याला ऊतीचे तापमान म्हणणे चूक आहे. तो इलेक्ट्रोडचा आकडा असतो आणि इलेक्ट्रोडला वाहते रक्त सतत थंड करत असते. टोकातून सलाइन सोडणाऱ्या कॅथेटरमध्ये ही तफावत आणखी वाढते. तिथे सर्वांत तापलेला बिंदू पृष्ठभागाच्या खाली असतो. टोक ४० अंशांच्या आसपास दाखवत असताना आत पाणी उकळत असू शकते.

म्हणून डॉक्टर इतर खुणांचा आधार घेतात. ऊती तापली की तिचा विद्युत-अवरोध, म्हणजे इम्पिडन्स, घटतो. सुमारे १० ओहमची घट ही ऊती तापत असल्याची चांगली खूण मानतात. अवरोध एकाएकी चढला तर उकळी फुटल्याची किंवा टोकावर रक्ताची खरपुडी धरल्याची शंका घेऊन प्रवाह तोडतात. जोडीला कॅथेटर भिंतीवर किती ग्रॅम जोराने दाबला आहे, तेही पाहतात. काही नव्या कॅथेटरांत अनेक थर्मोकपल टोकाच्या अगदी पृष्ठभागाशी बसवतात, त्यामुळे वाचन ऊतीच्या जास्त जवळ जाते. ऊतीतून आपोआप बाहेर पडणाऱ्या सूक्ष्मलहरी टिपून आत खोलवरचे तापमान ओळखणे आणि एमआरआयवर तापमानाचा नकाशा काढणे, या पद्धतींवरही काम झाले आहे.

एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल अनियमित होण्याच्या विकाराच्या) उपचारात आणखी एका ठिकाणी तापमान पाहावे लागते, ते म्हणजे अन्ननलिकेत. ती डाव्या कर्णिकेच्या, म्हणजे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याच्या, मागच्या भिंतीला जवळजवळ खेटून जाते. ती भाजली तर क्वचित, काही आठवड्यांनी, हृदय आणि अन्ननलिका यांच्यामध्ये भोक पडते. ही गुंतागुंत बहुतेकदा जीवघेणी ठरते. त्यासाठी नाकातून किंवा तोंडातून तापमापक नळी उतरवतात आणि तापमान ३८-३९ अंशांकडे सरकू लागले की ऊर्जा थांबवतात. अडचण इथेही तीच आहे. नळी अन्ननलिकेच्या पोकळीत असते, भिंतीत नव्हे. ती प्रत्यक्ष तापणाऱ्या जागेपासून बाजूला असली तर आकडा उगाच निर्धास्त करतो. शिवाय प्रवाह बंद केल्यावरही साठलेली उष्णता पसरत राहते आणि आकडा काही सेकंद चढतच जातो.