आरसी बग्गीच्या सस्पेन्शनची जुळवणी

रिमोट कंट्रोलवर धावणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाडीचे शॉक (दणका पचवणारी तेलाची नळकांडी), स्प्रिंग, आर्म (चाकाला गाडीशी जोडणारे हलते हात) आणि चाकांचे कोन ट्रॅकप्रमाणे व हवेप्रमाणे बसवणे म्हणजे सस्पेन्शनची जुळवणी. खेळणारे तिला नुसते ‘सेटिंग’ म्हणतात. पुढील माहिती मातीवर धावणाऱ्या, एक-दशांश मापाच्या, सुमारे दीड किलो वजनाच्या बॅटरीवरील बग्गीची आहे. मराठवाड्यात तिच्यासाठी पाणी मारून दाबलेल्या मुरमाचे मैदानच चांगले. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगेत चाक अडकून आर्म तुटतो, आणि पावसात चिकण माती चाकांना व आर्मच्या सांध्यांत थापली जाते.

सेटिंगला हात लावण्याआधी आर्म मोकळे आहेत का ते पाहावे. शॉकचे खालचे टोक सोडून आर्म वर उचलावा आणि सोडावा. तो स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे. मध्येच थांबला तर पिन वाकलेली असते, बॉल कप (सांध्यातला गोळा धरणारी वाटी) घट्ट झालेला असतो किंवा मुरमाची कच शिरलेली असते. ही अडकण तशीच ठेवून स्प्रिंगा बदलत बसणे म्हणजे पैसे आणि दिवस दोन्ही वाया.

इथल्या हवेत सर्वांत मोठा फरक पडतो तो शॉकच्या तेलाने. परभणीत हिवाळ्याची पहाट १० अंशांच्या खाली उतरते, आणि मे महिन्यात दुपारी पारा ४२ पर्यंत चढतो. सिलिकॉन तेल २५ अंशांवरून ४० अंशांवर गेले की साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याने पातळ होते. म्हणून थंडीत पुढे ४०० आणि मागे ३५० सीएसटीपासून (सेंटिस्टोक, म्हणजे तेलाच्या दाटपणाचे माप) सुरुवात करावी, आणि एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे १०० ने वाढवून पाहावे. बाटलीवरचा ‘वेट’चा आकडा कंपनीगणिक वेगळा असतो, त्यामुळे सीएसटीच बघावे. मोटारसायकलच्या फोर्कचे तेल स्वस्तात मिळते, पण ते घालू नये: त्याने सिलिकॉनच्या ओ-रिंगा (तेल अडवणारी गोल कडी) फुगतात आणि शॉकची दांडी अडकू लागते.

तेल भरताना शॉक उभा धरून दांडी पूर्ण खाली ओढावी, काठोकाठ भरावे, पिस्टन (दांडीच्या आतल्या टोकाची भोके असलेली चकती) पाच-सहा वेळा सावकाश वर-खाली करावा आणि बुडबुडे निघेपर्यंत दहा मिनिटे तसाच ठेवावा. टोपण लावल्यावर दांडी दाबताना ‘पचपच’ आवाज आला तर आत हवा आहे; पुन्हा उघडावे. डाव्या-उजव्या शॉकची लांबी व्हर्निअरने मोजून सारखी करावी. यात एक मिलिमीटरचा फरकही वळणावर जाणवतो.

उंची मोजायला कडप्प्याचा सपाट तुकडा उत्तम. तो गवंड्याच्या लेव्हलने तपासून घ्यावा. बॅटरीसह गाडी १५ सेंटिमीटरवरून सोडावी आणि ती स्थिरावल्यावर चेसिसखाली (गाडीच्या तळाखाली) मोजावे. गुळगुळीत मुरमावर २२ ते २४ मिमी पुरते, खडबडीत असेल तर २६. मागे ३ अंश टो-इन (चाकांची पुढची टोके आत वळलेली) आणि चारही चाकांना १ ते २ अंश उणे कॅम्बर (चाकांचा वरचा भाग आत झुकलेला) ठेवावा.

गाडी वळणावर पुढून घसरत बाहेर जात असेल तर पुढची स्प्रिंग एक पायरी मऊ करावी. मागून फिरत असेल तर मागची. बारीक खाचांवर ती उड्या मारत असेल तर बहुधा पिस्टनची भोके लहान पडतात: जोराच्या दणक्यात तेल निघायला वाट मिळत नाही आणि शॉक दगडासारखा होतो. मोठ्या भोकांचा पिस्टन आणि थोडे दाट तेल, हा त्यावरचा उपाय. उडीनंतर चेसिस जमिनीवर आपटत असेल तर मात्र उलटे करावे.

एका वेळी एकच बदल करावा, आणि वहीत तेलाच्या आकड्यासोबत त्या वेळचे तापमानही लिहावे. सकाळी नऊचे सेटिंग दुपारी दोनला लागू पडत नाही.

धावून झाल्यावर शॉकच्या दांड्या मऊ ब्रशने झाडाव्यात. मुरमाची धूळ दांडीवर बारीक ओरखडे पाडते आणि तिथूनच तेल पाझरू लागते. दांडीभोवती मातीचे ओलसर कडे दिसले की ओ-रिंग बदलावी. नुसते तेल भरून ते थांबत नाही.