कोल्हापूरचं रस्त्यावरचं खाणं आलं कुठून?

कोल्हापूरला दोन दिवसांसाठी येणाऱ्या पाहुण्याच्या फोनमध्ये हल्ली यादी तयारच असते. सकाळी मिसळ, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी खासबागेत भेळ, मग रंकाळ्यावर चक्कर आणि शेवटी गंगावेशीत दूध. मिसळ सकाळीच का, भेळ खासबागेतच का आणि धारोष्ण दूध भररस्त्यात कसं, हे विचारलं की बहुतेक जण राजवाड्याच्या मुदपाकखान्याकडे बोट दाखवतात. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबद्दल ते ऐकून घेता येईल. पण मिसळ, भेळ, वडा ही मुदपाकखान्याची पोरं नव्हेत. शहरात कोण, कुठे आणि किती वाजता भुकेलं उभं होतं, यावरून ती घडली.

ही गर्दी जमायला लागली एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आली. 1894 मध्ये शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. गुळाच्या गाड्या खेड्यांतून तिथे यायला लागल्या. 1901 पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं निघाली, 1906 मध्ये कापडाची गिरणी सुरू झाली. गाडीवान, हमाल, गिरणीकामगार, बोर्डिंगातली पोरं अशी घरचं चूलखंड जवळ नसलेली माणसं शहरात एकदम वाढली.

मात्र बाहेर खायचं म्हणजे कुणाच्या हातचं, हा त्या काळी साधा प्रश्न नव्हता. गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात आजही सांगितली जाते. संस्थानच्या पागेत नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि कांबळ्यांना भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल काढून दिलं. नाव ‘सत्यसुधारक’. दलिताच्या हातचा चहा प्यायला सुरुवातीला कोण येणार? म्हणून महाराज स्वतः तिथे गाडी थांबवत, चहा मागवत आणि सोबतच्या मानकऱ्यांनाही तोच पाजत. छत्रपतींनी घेतलेला कप नाकारायची सोय कुणाला राहिली नाही. कोल्हापूरच्या रस्त्यावरच्या खाण्याचा इतिहास लिहायचा झाला, तर मसाल्याच्या आधी हा कप यायला हवा असं मला वाटतं. चारचौघांत, अनोळखी माणसाशेजारी उभं राहून खाण्याची सवय आपोआप लागलेली नाही.

खासबागेची गोष्ट करमणुकीची. 1902 मध्ये विलायतेच्या दौऱ्यात महाराजांनी रोमचं कलोझियम पाहिलं आणि त्या धर्तीवर 1912 मध्ये खासबागेचं कुस्ती मैदान उभं राहिलं. मधोमध आखाडा, भोवती चढती बैठक, मागच्यालाही कुस्ती दिसणार. लागूनच पॅलेस थिएटर झालं, 1915 मध्ये ते सुरू झालं. आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ते हेच. एकीकडे कुस्तीचा फड, दुसरीकडे नाटकाचा पडदा, म्हणजे संध्याकाळी हजारो माणसं एका जागी. ना धड जेवणाची वेळ, ना उपाशी राहण्याची. अशा वेळेला भेळेइतकं सोयीचं दुसरं काही नाही: चूल लागत नाही, ताट लागत नाही, कागदात बांधून देता येते. इथली भेळ मुंबईच्या चौपाटीपेक्षा वेगळी लागते, त्याचं एक कारण पाण्यातच आहे. चिंचेच्या कोळात गूळ पडतो आणि गूळ तर घरचाच, 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला. दुसरं कारण चिरमुरे. याच चिरमुऱ्यांना तेल, लसूण, शेंगदाणे आणि तिखटाची फोडणी बसली की भडंग होतो. त्यात जयसिंगपूरचं नाव मोठं, आणि ते गावही शाहू महाराजांनीच आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेलं. ऑगस्ट 2024 मध्ये नाट्यगृहाला आग लागली तेव्हा सगळं शहर हळहळलं, कारण त्या परिसराशी प्रत्येकाची काही ना काही संध्याकाळ बांधलेली आहे. खाऊगल्लीही तिथलीच.

आखाड्याला खुराक लागतो. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींत गावोगावची पोरं येऊन राहायची, अजूनही राहतात. जोर-बैठका मारून बाहेर पडलेल्या पैलवानाला दूध हवं, तेही भरपूर आणि डोळ्यांदेखत काढलेलं. त्यातून दूधकट्टे आले. गवळी म्हैस घेऊन ठरल्या जागी उभा राहतो, गिऱ्हाईक समोर ग्लास धरतं, फेसाळ धार थेट त्यात. पाणी घातलं का, हा संशयच उरत नाही. 1963 मध्ये जिल्ह्याचा सहकारी दूध संघ झाला आणि ‘गोकुळ’ची पिशवी घरोघर गेली, तरी कट्टा पुरता मोडला नाही. शहराचं म्हशींवरचं प्रेम किती, ते दिवाळीत पाहावं: शिंगं रंगवलेल्या, गोंडे-मोरपिसांनी सजवलेल्या म्हशींची मिरवणूक निघते आणि लोक ती बघायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात. दुसऱ्या कुठल्या शहरात म्हशीला एवढा मान असेल, तर सांगा.

आता मिसळ. नावाजलेल्या मिसळीच्या जागा पाहिल्या तर त्यांतली एक मोठी ओळ शिवाजी उद्यमनगरात निघते. उद्यमनगर म्हणजे लेथ, फौंड्री, इंजिनाचे सुटे भाग. सकाळी कामावर जाणाऱ्याला दुपारपर्यंत टिकेल असं पोटभर, स्वस्त आणि झटपट काहीतरी हवं. मोड आलेली मटकी ते काम करते. उसळ आणि बटाट्याची भाजी तळाला, वर शेव-चिवडा, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड, आणि मग कट. कट म्हणजे भाजलेला कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि चटणी घालून उकळलेला पातळ रस्सा, ज्यावर लाल तवंग चढलेला असतो. मोठ्या पातेल्यात तो सकाळभर उकळत राहतो आणि मागाल तितका वाढला जातो. मटकी मोजून, कट न मोजता, असा हा हिशेब आहे. कमी पैशात पोट भरायचं तर पातळ पदार्थ मुबलक हवा, हे कामगारवस्तीतल्या खानावळीला पुस्तकातून शिकावं लागत नाही. पातेलं संपलं की दुकान बंद. दुपारी दोनला पोचून हळहळणारे पाहुणे रोज दिसतात.

कटाचा रंग पाहून बाहेरचा माणूस घाबरतो. त्यातला बराचसा रंग ब्याडगी मिरचीचा, आणि ब्याडगी रंगाला गडद, तिखटाला बेताची. झणका येतो संकेश्वरी मिरचीतून, जिची खरेदी गडहिंग्लजच्या बाजारात होते. दोन्ही मिरच्यांची गावं कर्नाटकात आहेत, पण सीमा खाण्याला कधी फारशी अडवत नाही. उन्हाळ्यात घरोघर वर्षाची चटणी होते. मिरच्या वाळवायच्या, धने, तीळ, खोबरं, गरम मसाला भाजायचा, कांदा-लसूण घालून कांडप यंत्रावरून कुटून आणायचं. बाजारात तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. हातगाडीवाल्याचा कट हा या घरच्या बरणीचाच मोठा अवतार. देशभरच्या हॉटेलांत मिळणाऱ्या ‘व्हेज कोल्हापुरी’शी मात्र त्याचं काही नातं नाही. ती भाजी कोल्हापुरातल्या कुठल्या घरात शिजते, याचा शोध अजून चालू आहे.

बाकीच्यांची कथा छोटी. त्याच कटात बटाटेवडा बुडवला की कटवडा. रंकाळ्याची चौपाटी ही फिरायला येणाऱ्या कुटुंबांची, म्हणून तिथे रगडा पॅटिस, भाजलेलं कणीस, पोरांसाठी आईस्क्रीम. फळांचे तुकडे, जेली आणि आईस्क्रीम एका ग्लासात रचलेलं ‘कॉकटेल’ ऐकून नवखा दचकतो, पण त्यात दारूचा थेंब नसतो. लोणी डोशाच्या गाड्या दावणगिरीचं नाव लावून उभ्या असतात.

आणि पाव. मुंबईकर लादी पाव शोधत राहतो, इथे मिसळीबरोबर येतात ब्रेडचे स्लाइस. वडाही ब्रेडबरोबरच, वडा-ब्रेड म्हणून. स्लाइस कटात टाकला की क्षणात मऊ पडतो, चमच्याने खाता येतो, आणि एका बशीत एक-दोन वाट्या कट जास्त जिरतो. पुण्या-मुंबईत ‘अस्सल कोल्हापुरी मिसळ’ अशा पाटीखाली हल्ली लादी पाव, ताक, पापड आणि जिलेबीसकट थाळी मिळते. तिथे बसलेला कोल्हापूरकर ओळखायचा असेल तर सोपं आहे. तो वेटरला पहिल्यांदा विचारतो, ‘ब्रेड नाही का हो?’