पेंग्विनांच्या गर्दीतली झोप: थोडी पार्श्वभूमी

झोप किती गाढ आहे, हे मोजायची युक्ती जुनी आहे. जर्मनीत एर्न्स्ट कोलश्युटर यांनी १८६२ साली ती वापरली. झोपलेल्या माणसाजवळ आवाज करायचा, तो वाढवत न्यायचा आणि कितव्या आवाजाला माणूस उठतो ते टिपून ठेवायचं. जितका मोठा आवाज लागेल तितकी झोप गाढ.

पेंग्विनांच्या वस्तीत आवाजाचा हा हिशेब कसा जमणार? तिथे मुळात कलकलाट थांबतच नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवर किंग पेंग्विन हजारोंनी दाटीवाटीने उभे असतात. घरटं नाहीच. एकुलतं एक अंडं पायांवर, पोटाच्या कातडीच्या घडीखाली. नर-मादी ते सुमारे ५४ दिवस आळीपाळीने उबवतात, तेही उभ्यानेच. शेजारी चोच पोचेल न पोचेल इतक्या अंतरावर. मधून वाट काढणाऱ्याला प्रत्येक जण टोचतो, पंखाचा फटका देतो. अशा ठिकाणी दर धक्क्याला दचकणाऱ्याची झोप होणार नाही. आणि काहीही झालं तरी न उठणाऱ्याचं अंडं स्कुआ हा शिकारी समुद्रपक्षी पळवील.

क्रोझेपैकी पझेशन बेटावर साठच्या दशकापासून फ्रान्सचा संशोधन तळ आहे. किंग पेंग्विनांची झोप किती गाढ असते, हे फ्रेंच संशोधकांनी स्पर्शाने तपासलं आणि २००२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निष्कर्ष असा की सकाळपेक्षा दुपारी पक्ष्याला जागं करायला जास्त डिवचावं लागतं. वामकुक्षीच्या भक्तांना हा पुरावा आवडेल!

दरम्यान १९९९ मध्ये अमेरिकेत बदकांवर एक गाजलेला प्रयोग झाला होता. रांगेत झोपलेल्या बदकांपैकी टोकाची बदकं एक डोळा जास्त वेळ उघडा ठेवत, तोही बहुधा बाहेरच्या बाजूचा. मेंदूचा अर्धा भाग झोपलेला, अर्धा पहाऱ्यावर. त्यावरून वाटलं, कडेला धोका आणि मध्ये निवांतपणा.

पेंग्विनांनी हे गणित उलटवलं. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर डिसेंबर २०१९ मध्ये १४ चिनस्ट्रॅप पेंग्विनांच्या मेंदूतले विद्युतसंकेत नोंदवले गेले. २०२३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. हे पक्षी सरासरी जेमतेम चार सेकंदांच्या डुलक्या घेतात, दिवसाला दहा हजारांहून अधिक, आणि त्यांची बेरीज अकरा तासांवर जाते. स्कुआ वस्तीच्या कडेने हल्ला करतो, म्हणून कडेचे पक्षी अधिक जागे असतील असं वाटत होतं. प्रत्यक्षात त्यांचीच झोप जास्त सलग आणि गाढ निघाली. मधल्यांच्या डुलक्या सारख्या तुटत होत्या, बहुधा शेजाऱ्यांचा गोंगाट आणि भांडणं यांमुळे. चिनस्ट्रॅप एकमेकांच्या घरट्यातले खडेही चोरतात, हे इथे विसरू नये.