किर्लोस्करवाडीचा नांगर आणि आमचा धंदा

सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलगा किंवा मुलगी कामाला लागली की पहिल्या आठवड्यात एक प्रश्न ठरलेला असतो: "दादा, कुणाला फॉलो करू?" खरं तर मोबाईलमध्ये पाच-पन्नास मार्केटिंगवाले आधीच भरलेले असतात. कुणी न्यूयॉर्कचा, कुणी बंगळुरूचा. त्यातला निम्मा गोतावळा दर सोमवारी सांगतो की आजवरचं सगळं संपलं, आता हे नवीन शिका. सोशल मीडियाचं काम करणाऱ्याला यांच्यातून वाट काढावीच लागते. म्हणून हे विचार कुठून आले आणि कोणत्या क्रमाने आले, ते एकदा नीट मांडून ठेवतो.

"कंटेंट मार्केटिंग", म्हणजे नुसती जाहिरात न करता उपयोगी मजकूर देऊन गिऱ्हाईक जोडणं. हा शब्द सगळीकडे रुजवणाऱ्यांत अमेरिकेतल्या जो पुलिझी यांचं नाव पहिलं येतं. या विषयाचा इतिहास सांगताना ते आणि त्यांच्या वाटेने जाणारे बहुतेक जण १८९५ सालापर्यंत मागे जातात. त्या वर्षी जॉन डिअर या नांगर बनवणाऱ्या कंपनीने शेतकऱ्यांसाठी "द फरो" नावाचं नियतकालिक काढलं. फरो म्हणजे नांगराने पडलेलं तास. आमचा नांगर घ्या, असा धोशा लावण्याऐवजी शेती कशी सुधारेल ते सांगायचं, अशी त्यामागची रीत. हे नियतकालिक आजही निघतं.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुढचं पान उलटलंच नाही. नांगराचा कारखाना आणि त्याचं मासिक ही जोडी आपल्या पलूस तालुक्यातही होती.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळाची जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. माल होता लोखंडी नांगर. तो विकताना खरी अडचण किमतीची नव्हती. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा पक्का समज होता. आता विचार करा, ज्याला तुमची वस्तू विषासारखी वाटते, त्याला "स्वस्त आणि मस्त" म्हणून काय उपयोग? त्याच्याशी आधी बोलावं लागतं, त्याची शंका ऐकावी लागते, शेजारच्याच्या रानात नांगर चालवून दाखवावा लागतो. आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड गिऱ्हाईक कसा असतो, तर असा.

१९२० मध्ये लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी "किर्लोस्कर खबर" सुरू केलं. शंकरराव, म्हणजेच शंवाकि, मुळात चित्रकार. नावाप्रमाणे कारखान्याची खबर द्यायला निघालेलं हे पत्र हळूहळू कथा, लेख आणि सामाजिक वादांचं मासिक झालं, त्याचं नाव नुसतं "किर्लोस्कर" उरलं. १९३० मध्ये त्याच माळावरून "स्त्री" निघालं. नांगर आणि पंप बनवणारा कारखाना मराठी घराच्या माजघरापर्यंत पोचला, तो वाचकाला हवं ते मन लावून दिल्यामुळे. मासिकाला स्वतःचं मत होतं, त्यावरून लोक भांडतही होते. आज ज्याला आम्ही एंगेजमेंट, म्हणजे लोकांचं गुंतणं, म्हणतो, ते यापेक्षा वेगळं नाही. माझ्या मते मराठीतून मार्केटिंग शिकवायचं तर पहिला धडा किर्लोस्करवाडीचाच असायला हवा, आणि तो कुठल्याही कोर्समध्ये नसतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मधली साठ-सत्तर वर्षं आपल्याकडे हँडबिल, भिंतीवरची रंगवलेली जाहिरात, थिएटरातली स्लाइड आणि रिक्षावरचा भोंगा यांची होती. ओरडेल त्याचा माल खपेल, हा हिशेब.

त्या हिशेबावर १९९९ मध्ये अमेरिकेतले मार्केटिंगचे लेखक सेथ गोडिन यांनी बोट ठेवलं. माणसाचं लक्ष हिसकावून घेऊ नका, त्याची परवानगी घ्या, आणि परवानगी मिळाली की त्याला खरंच वाट पाहावीशी वाटेल असं काही द्या, हे त्यांचं म्हणणं. तेव्हा फेसबुक नव्हतं, गोडिन ईमेलबद्दल बोलत होते. तरी पुढे जे आलं, त्याला तो विचार चपखल बसला. २००६ मध्ये गॅरी व्हेनरचक न्यू जर्सीतल्या घरच्या वाइनच्या दुकानात कॅमेरा लावून रोज वाइन चाखून दाखवू लागले. दुकानदाराने स्वतःच बोलायचं, आपल्याच भाषेत. नोव्हेंबर २००७ मध्ये फेसबुकने धंद्यांसाठी पेज सुरू केली. सांगलीत मात्र हे सगळं खऱ्या अर्थाने घराघरांत आलं ते सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. तोपर्यंत गणपती पेठेतल्या व्यापाऱ्याला पेज म्हणजे पोराचा नाद वाटायचा.

आणि आपण पोचलो तोवर फुकटच्या पंगतीची पानं उठायला लागली होती. पेजवरची पोस्ट किती जणांना दिसते, तो आकडा आधीपासूनच घसरत होता. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीरच केलं की धंद्यांच्या पोस्टपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्ट आधी दाखवल्या जातील. त्याच महिन्यात व्हॉट्सॲप बिझनेस आलं. आमच्याकडचे बरेच छोटे दुकानदार तेव्हा तिकडे वळले, आणि नकळत गोडिनकडेच वळले, कारण तिथे नंबर सेव्ह करून घेणं हीच परवानगी.

लोकांना हवं ते दिलं की काय होतं, हे मला ऑगस्ट २०१९ च्या महापुरात डोळ्यांनी दिसलं. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. एका किराणा दुकानाचं पेज तेव्हा माझ्याकडे होतं. आम्ही ऑफरच्या सगळ्या पोस्ट थांबवल्या आणि दर तीन तासांनी फक्त पाण्याची पातळी आणि चालू असलेले रस्ते टाकत राहिलो. रात्री दोनला लोक विचारायचे, "वसंतदादांच्या पुतळ्यापर्यंत आलंय का?" खात्री केल्याशिवाय एकही ओळ टाकायची नाही, असं ठरवलं होतं. पूर ओसरल्यावर दुकान महिनाभर बंद होतं. उघडलं त्या दिवशी जी माणसं आली, त्यांतली कितीतरी आधी कधी त्या दुकानात चढली नव्हती.

पुढच्या वर्षी २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली. तिथे फॉलोअर जमवलेल्या पोरापोरींचं सगळं एका रात्रीत गेलं. जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केलं आणि सगळे तिकडे धावले. दुसऱ्याच्या जागेत घर बांधू नका, असं पुलिझी सांगत आले होते, ते त्या आठवड्यात तालुक्याच्या गावातल्या पोरालाही कळलं.

आता एक पेच. गोडिन म्हणतात, थोडी माणसं धरा पण आपली धरा. ऑस्ट्रेलियातले प्राध्यापक बायरन शार्प २०१० पासून नेमकं उलटं मांडताहेत: ब्रँड वाढतो तो क्वचित घेणाऱ्या खूप माणसांमुळे, म्हणून जितक्या जास्त जणांना दिसाल आणि चटकन ओळखू याल तितकं बरं. कोर्सवाले यातला एक धरतात आणि दुसऱ्याला जुनाट म्हणतात. माझ्याकडे दोन गिऱ्हाइकं आहेत. एकाचं लग्नाच्या बस्त्याचं दुकान. तिथे घर एकदा येतं, पुन्हा यायला पाच-सात वर्षं जातात. त्याला शार्प लागू पडतात, सगळ्या जिल्ह्याला त्याचा पिवळा बोर्ड आठवायला हवा. दुसरा हळदवाला, पुण्या-मुंबईच्या घरी दरवर्षी हळद पाठवणारा. त्याची सातशे नंबरांची यादी हेच त्याचं भांडवल, तिथे गोडिन खरे. ज्याचा त्याचा माल कसा खपतो, ते पेठेत उभं राहून बघितल्याशिवाय यातलं कुणाचं ऐकायचं ते ठरत नाही.

म्हणून "कुणाला फॉलो करू" असं विचारणाऱ्या मुलीला मी यंदा आधी मार्केट यार्डात नेलं. हळदीचा हंगाम होता. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे तिला पाठ होतं, आणि तिची पहिली कॅप्शन त्यावरच होती. तिथे एका अडत्याने ढिगातून हळकुंड उचललं आणि दोन्ही हातांनी कट्कन मोडलं. आतला गाभा शेंदरी. तिने विचारलं, "काका, मोडून का बघता?" ते म्हणाले, "वरनं पॉलिश कुणीही करतंय. रंग आत असतोय."

तिने कॅमेरा पुढे धरला आणि म्हणाली, "काका, अजून एक मोडा. आवाज यायला पाहिजे."